आधी तोंड, मग हात

ओसाकातल्या इमाझातोच्या बाजारात हिसानोबाईंशी भांडून जिंकलेला माणूस अजून कुणी पाहिलेला नाही. ओकुनोच्या लोणच्याच्या दुकानावर त्यांचा माजोंगचा, म्हणजे सोंगट्यांच्या खेळाचा, अड्डा आहे, 'कामोमे' नावाचा. जिना असा उभा, की चढताना गुडघ्यांनी देवाचं नाव घ्यावं, आणि धरायला कठडा नाही. वर चार टेबलं, एक कुरकुरणारा पंखा, खिडकीत कांद्याच्या पातीची कुंडी. जवाचा गार चहा फुकट मिळतो आणि बोलणी न मागता मिळतात. तरी माणसं येतात, कारण इथल्यासारखा चोख खेळ आजूबाजूला कुठे होत नाही, हे बाईंना शिव्या देणारेही कबूल करतात.

इथे तिघांचाच खेळ चालतो. टोकियोकडची माणसं ह्यावर नाक मुरडतात. माजोंग म्हणजे चौघांचा, म्हणतात, तीन पायांची खाट कुणी विकत घेतं का? हिसानोबाईंचे यजमान नागाओ होते तेव्हा ते एवढंच म्हणायचे, "आमच्याकडे चौथा दुकान सांभाळतो." ते खरंही होतं. बाजारातली माणसं ही, ओकुनो वर आला की त्याची बायको खाली मुळ्याच्या पिंपाजवळ बसणार. चौघं जमायची वाट बघायची तर दुपार तिथेच संपायची. म्हणून एका रंगाच्या मधल्या सोंगट्या काढून ठेवायच्या, फक्त एक्के आणि नव्वे राखायचे, म्हणजे ओढायच्या सोंगट्यांची भिंत आखूड होते आणि डाव झणझणीत. शेजाऱ्याने टाकलेली सोंगटी उचलून आपली रांग जुळवायची नाही. आणि उत्तर दिशेच्या सोंगटीचे लाड वेगळे.

ते असे, की पूर्व, दक्षिण, पश्चिम ह्या जागांवर तिघं बसली की उत्तरेची बाजू रिकामी राहते. मग उत्तरेच्या सोंगट्यांनी जायचं कुठे? तर ज्याच्या हातात उत्तर येईल त्याने "पेई", म्हणजे उत्तर, असं म्हणायचं, ती उताणी करून आपल्या उजव्या कोपऱ्यात ठेवायची आणि भिंतीच्या शेपटाकडून बदली सोंगटी घ्यायची. पुढे डाव जिंकला तर कोपऱ्यातली प्रत्येक उत्तर जिंकण्याचं मोल वाढवते. घरबसल्या नफा.

बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात, ओसाकात ह्या खेळाचे नियम गल्लीगणिक बदलतात. 'कामोमे'चा नियम असा: आधी तोंड, मग हात. "पेई" असं स्वच्छ, टेबलभर ऐकू येईल असं म्हटल्याशिवाय सोंगटीला कोपरा नाही. खाकरणं चालणार नाही, मान डोलावणं चालणार नाही. न बोलता हात पुढे गेला की तो डाव गेला. ज्याला एवढंही जमत नसेल त्याने उत्तर गुपचूप टाकून द्यावी आणि नफ्यावर पाणी सोडावं.

एकदा नागाओंनी स्वतःच बोलण्याच्या नादात मुकाट्याने उत्तर बाजूला ठेवली, बदली घेतली, आणि त्या बदलीवर डाव जिंकला. असा हात, की गिऱ्हाइकं उठून बघायला आली. चहा घेऊन आलेल्या हिसानोबाईंनी पेले ठेवले आणि म्हणाल्या, "बाद."

"अगं, माझंच दुकान," नागाओ म्हणाले.

"म्हणूनच बाद."

आठवडाभर नवरा घरात मूग गिळून बसला. मग मात्र जो भेटेल त्याला सांगत सुटला, की आमच्या हिच्यापुढे खुद्द शिंजूसान उतरला तरी त्याला 'पेई' म्हणावं लागेल. शिंजूसान म्हणजे आमचा इथला देव. त्या माणसाच्या मोठेपणाला तोड नव्हती, हे मला म्हणायचंच आहे. बायकोने चारचौघांत हरवल्याची गोष्ट अभिमानाने सांगणारे नवरे किती असतात?

वाकायामाच्या किनाऱ्यावरच्या एका गावातून हिसानोबाई ओसाकात आल्या त्या छत्र्यांच्या कारखान्यात काड्या बसवायला. लग्न करून ह्या माडीवर आल्या तेव्हा त्यांना एक सोंगटी ओळखता येत नव्हती. नागाओ गेल्यावर लोकांना वाटलं, आता बाई कुलूप लावून माहेरी जाणार. तेराव्याच्या आतच म्हणावं इतक्या लवकर त्यांनी दार उघडलं, पंख्यावरची धूळ पुसली आणि जिथे तिसरा माणूस कमी पडेल तिथे स्वतः बसायला लागल्या. खेळताना त्यांचा चेहरा म्हणजे बंद पेटी. राजाचा हात लागो की केरकचरा लागो, त्यावर काही उमटत नाही. आणि हातचं राखून त्या कधी खेळल्या नाहीत, आजाऱ्याशी नाही की वाढदिवस असलेल्याशी नाही. "दया करायची तर जेवायला बोलवा," त्या म्हणत. "टेबलावर नको."

त्यांच्या शुक्रवारच्या टेबलावर ठरलेले दोघं: ओकुनो, आणि न्हावी कुमेदा. दोघंही नागाओंचे जिवलग, म्हणून त्यांच्या त्या वहिनी आणि हे दोघं त्यांचे भाऊजी. कुमेदा म्हणजे काय सांगावं, वस्तऱ्यापेक्षा जीभ धारदार. गिऱ्हाइकाच्या अर्ध्या दाढीला सुरू केलेली गोष्ट पुढच्या गिऱ्हाइकाच्या दाढीत संपायची. हिसानोबाईंनी त्याला हरवलं, की तो खुर्चीत मागे रेलून म्हणायचा, "चेटकीण." हिसानोबाईंचं त्यावर ठरलेलं: "चेटकीण म्हणा की देवी म्हणा, सोंगट्या घुसळायला लागा." कारण हरेल त्याने घुसळायचं, हाही इथला रिवाज. हा संवाद इतकी वर्षं चालला, की ओकुनो मध्येच दोघांच्या वाटचं बोलून दाखवायचा.

मग गेल्या हिवाळ्यात कुमेदाला झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. कळायचं सगळं, डोळे तसेच खट्याळ, पण शब्द ओठांपर्यंत यायचा आणि तिथेच घोडं अडायचं. इस्पितळात एक मुलगी त्याला मांजराचं चित्र दाखवून "हे काय?" विचारायची. ज्याने अख्ख्या बाजाराची उणीदुणी काढली त्याला मांजर म्हणता येईना. त्याने चित्र भिरकावून दिलं आणि परत गेलाच नाही.

वसंतात एका शुक्रवारी मात्र तो भिंतीला डावा खांदा घासत, एकेक पायरी बसत-उठत जिना चढून वर आला. हिसानोबाईंनी काही विचारलं नाही. त्याची खुर्ची ओढून दिली, बस्स. एका हाताने सोंगट्या उभ्या राहीनात म्हणून ओकुनोने लोणच्याच्या पिंपाच्या फळीतून खाचेची पट्टी कापून आणली, ती त्यांनी चालवून घेतली. एरवी जरा वेळ लावणाऱ्याला फाडून खाणारी बाई कुमेदाच्या पाळीला खिडकीबाहेर बघत बसायची. पण त्याच्या हातात पहिली उत्तर आली, त्याने ती उजव्या कोपऱ्याकडे नेली आणि ओठ नुसतेच हलले, तेव्हा हिसानोबाई म्हणाल्या, "भाऊजी, तोंड."

कुमेदाने प्रयत्न केला. मान लाल झाली. मग त्याने ती सोंगटी उचलली आणि टाकलेल्या सोंगट्यांत टाकून दिली.

तेव्हापासून हेच. आली उत्तर, की टाक. ओकुनोला ते बघवेना. "वहिनी, त्याच्या वाटची 'पेई' मी म्हणतो ना," तो एकदा काकुळतीला येऊन म्हणाला.

"मग त्यांच्या वाटचा डाव जिंका पण तुम्हीच, आणि त्यांच्या वाटचं जेवा पण," हिसानोबाई म्हणाल्या. "हाताला फळी देता येते, भाऊजी. जिभेला फळी कुठली लावणार?"

ओकुनो तोंडाने फटकळ नसला तरी त्याच्या पोटात काही राहत नाही. त्याने हे कुमेदाच्या मुलीला सांगितलं. रित्सुको औषधाच्या दुकानात कामाला, आई गेल्यापासून बापाला सांभाळणारी. ती कामावरच्या पांढऱ्या कोटातच जिना चढून आली.

"काकू, तुम्ही बाबांचा छळ करताय."

"बस, चहा घे."

"मला चहा नको. घरी आले की ते भिंतीकडे तोंड करून बसतात. एक सोंगटी न बोलता बाजूला ठेवली तर आभाळ कोसळणार आहे का?"

"आभाळ नाही कोसळणार. टेबल कोसळेल."

"खेळ आहे हा, काकू."

"खेळच आहे," हिसानोबाई म्हणाल्या. "म्हणून तर भाऊजी इथे येतात, इस्पितळात जात नाहीत. तिथे त्यांना पोर समजतात. तू त्यांना आणून सोडत नाहीस, मी बोलवायला जात नाही. मग हा जिना ते कशासाठी चढतात, विचारलंस कधी?"

"विचारून सांगणार आहेत का ते?" रित्सुकोचा आवाज चिरकला. मग तिने डोळे पुसले आणि निक्षून सांगितलं, "ह्या शुक्रवारी मी येऊन बसते. बाबा पुन्हा तसेच खाली मान घालून उठले, तर तेच शेवटचं. नंतर ते इथे येणार नाहीत."

ती गेल्यावर हिसानोबाई ओल्या फडक्याने सोंगट्या पुसत बसल्या. उत्तरेची सोंगटी हातात आली तशी त्यांनी ओठ घट्ट मिटून बघितले. 'पेई' म्हणायला आधी ओठ मिटावे लागतात, मग फुंकर घालून सोडावे लागतात. इतकी वर्षं कधी लक्षात आलं नव्हतं. त्यांना भीती वाटली, खरी भीती, नागाओंच्या आजारपणात वाटली होती तशी. आपण नियमाला धरून बसलोय की नियम आपल्याला, हे त्यांचं त्यांनाच कळेना. कुमेदा यायचा थांबला तर त्याच्याकडे उरेल काय? त्या मोठ्याने "पेई" म्हणाल्या. रिकाम्या माडीवर तो शब्द अगदीच येडबंबू वाटला.

शुक्रवारी रित्सुको आली आणि टेबलाच्या रिकाम्या बाजूला, उत्तरेच्या जागी, स्टूल ओढून बसली. तिला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, नुसत्या सोंगट्यांच्या पाठी दिसत होत्या. कुमेदाने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि नंतर पाहिलंच नाही. पहिल्या काही डावांत त्याच्याकडे उत्तर आली, आणि त्याने ती टाकली. रित्सुकोने ओठ चावला. ओकुनो नको तितका खोकला.

मग तो डाव आला. ओकुनोने सुरुवातीलाच उत्तरेच्या दोन सोंगट्या बाजूला ठेवल्या, दोन्ही वेळा मंदिरात पुकारावं तसं "पेई" म्हणून. हिसानोबाईंचा हात म्हणजे नुसता उकिरडा होता: एक्के, नव्वे, दिशा, एकाचा एकाला मेळ नाही. असा हात आला की शहाणा माणूस तोडमोड करून वेळ काढतो. पण भिंतीतून पुढची सोंगटी आली तीही एकांडी, तिच्या पुढचीही एकांडी. त्यांच्या मानेमागे मुंगी चालल्यासारखं झालं.

ह्या खेळात 'तेरा एकांडे' नावाचा एक हात आहे. सगळे एक्के, सगळे नव्वे, सगळ्या दिशा, तांबडी, हिरवी, पांढरी ह्या तिन्ही रंगदार सोंगट्या, प्रत्येकी एक, आणि त्यातल्या एकाची जोडी. कपिलाषष्ठीचा योग. माणसं जन्मभर खेळतात आणि दुसऱ्याच्या तोंडून ऐकतात. आणि त्याला एक अधिकार आहे, जो बाकी कुठल्याच हाताला ह्या घरात नाही. बाजूला ठेवलेली उत्तर कुणाला मागता येत नाही, पण तेरा एकांड्यांना फक्त ती उत्तरच हवी असेल, तर समोरचा "पेई" म्हणून ती ठेवत असतानाच तिच्यावर झडप घालता येते. "रोन" म्हणायचं आणि डाव संपला, समोरच्याच्या गुण मोजायच्या काड्यांसकट. अट एवढीच, की त्याने बदली सोंगटीला हात लावायच्या आत म्हणायला हवं.

हिसानोबाईंचा हात उभ्या आयुष्यात पहिल्यांदा तसा जुळला. कमी होती ती एका उत्तरेची. चेहरा बंद पेटी, पण टेबलाखाली त्यांनी दोन्ही पावलं एकमेकांवर घट्ट दाबली होती.

कुमेदाने डाव्या हाताने सोंगटी ओढली, अंगठा फिरवला आणि थांबला.

टाकायला म्हणून हात पुढे आला, तो टेबलाच्या मध्यावर अडकून राहिला. मग हळूहळू तो छातीवरून आडवा उजव्या कोपऱ्याकडे गेला. ओठ मिटले. ओकुनोने तोंड उघडलं, तशी हिसानोबाईंनी टेबलाखालून त्याच्या नडगीवर लाथ मारली, चांगली सणसणीत. पंखा कुरकुरत होता. खाली ओकुनोची बायको कुणाला तरी वांग्याचं लोणचं बांधून देत होती, तिचं बोलणं वर ऐकू येत होतं. कुमेदाच्या गळ्याची शीर फुगली, ओठ थरथरले, सुटले, पुन्हा मिटले.

"पेई," कुमेदा म्हणाला.

स्वच्छ. टेबलभर ऐकू येईल असं. आणि सोंगटी कोपऱ्यात उताणी ठेवली. उत्तर.

रित्सुकोने दोन्ही हात तोंडावर धरले. ओकुनो नडगी चोळायचं विसरला. कुमेदाचा डावा हात बदली घ्यायला भिंतीकडे निघाला, सावकाश, कारण त्याचं सगळंच आता सावकाश होतं.

तेवढाच वेळ हिसानोबाईंना होता. गप्प बसल्या तर कुणाला कधी कळणार नव्हतं. सोंगट्या पालथ्या करायच्या आणि घुसळीत मिसळून द्यायच्या. घ्यायलाच हवं असा नियम नाही. इतक्या महिन्यांत माणूस पहिला शब्द बोलला, आणि त्याच शब्दावर त्याला नागवायचं? मुलगी समोर बसलीय. तिने शब्द दिलाय, आणि ती तो पाळणारी आहे. सोड, हिसानो, सोड, असं त्यांना वाटलं. आणि लगेच त्यांना नागाओंचा त्या दिवशीचा चेहरा आठवला. म्हणूनच बाद, असं त्या म्हणाल्या होत्या. ज्याला आपण सोडून देतो, त्याला आपण टेबलावरून उठवलेलंच असतं, त्याला कळो न कळो. कुमेदाने एवढा जिना चढून जी खुर्ची राखली होती, ती त्याच्याखालून त्या काढून घेणार होत्या, आणि वर त्याला दया म्हणणार होत्या.

कुमेदाची बोटं भिंतीपाशी आली.

"रोन," हिसानोबाई म्हणाल्या, आणि मगच हात पुढे करून सोंगट्या आडव्या केल्या.

"वहिनी," ओकुनो कुजबुजला. "आज तरी..." मग त्याने सोंगट्या पाहिल्या आणि तो त्या बोटाने मोजायला लागला.

"काय झालं?" रित्सुकोने विचारलं. "काय केलं तुम्ही? काकू, बाबांनी बरोबर म्हटलं होतं ना?"

"बरोबर म्हटलं," हिसानोबाई म्हणाल्या. "म्हणूनच हरले."

रित्सुको उठून उभी राहिली. बापाचा कोट घ्यायला तिने हात लांब केला. कुमेदा हलला नाही. तो सोंगट्या वाचत होता, एका टोकापासून, एकेक. एक्का, नव्वा, एक्का, नव्वा. पूर्व. दक्षिण. पश्चिम. मध्ये रिकामी जागा, जिथे त्याची उत्तर बसणार होती. त्याचे कान लाल झाले, मग गाल. तो खुर्चीत मागे रेलला, तसाच, जसा पूर्वी रेलायचा.

"चे," तो म्हणाला. जीभ अडली. त्याने टेबलावर डावी मूठ आपटली. "चेटकीण."

ओकुनोच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं आणि त्याने ते पुसलंही नाही. रित्सुको कोट धरून उभी होती. इस्पितळातल्या मांजराला जे जमलं नव्हतं ते हिसानोबाईंना जमलं होतं, बाईंनी त्याच्या संतापाला तोंड फोडलं होतं.

आता पाळी हिसानोबाईंची होती. इतक्या वर्षांचं ठरलेलं वाक्य, झोपेतही आलं असतं. त्यांनी तोंड उघडलं, आणि आवाज निघेना. नागाओंना नेलं त्या दिवशीही ज्या बाईने सगळ्यांना नीट बोलून निरोप दिला होता, तिला आज हे एक वाक्य म्हणता येईना.

कुमेदा वाट बघत होता. हरेल त्याने घुसळायचं, पण त्याचा हात जागचा हलला नाही. त्याने डावं बोट उचललं, हिसानोबाईंच्या तोंडाकडे दाखवलं, मग सोंगट्यांकडे. पुन्हा तोंडाकडे, पुन्हा सोंगट्यांकडे. डोळ्यांत सगळा जुना खट्याळपणा.

"चेटकीण म्हणा की..." हिसानोबाई अडल्या, आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणाल्या, "चेटकीण म्हणा की देवी म्हणा. सोंगट्या घुसळायला लागा, भाऊजी."

तेव्हा कुठे कुमेदाने डावा हात सोंगट्यांवर ठेवला. एका हाताने घुसळताना निम्म्या टेबलाबाहेर जायला लागल्या. रित्सुकोने वाकून मदतीला हात घातला, तर त्याने तिच्या हातावर फटका मारला.

ती हात चोळत स्टुलावर परत बसली. कोट मांडीवर घेतला. बापाचं एका हाताचं घुसळणं तिने शेवटपर्यंत बघितलं.

"काकू," ती म्हणाली, "त्या जिन्याला कठडा बसवून घ्या. पुढच्या शुक्रवारच्या आत. एखाद दिवशी पडतील बाबा."

"मी उद्याच लाकूड आणतो," ओकुनो नाक ओढत म्हणाला.

"डाव्या हाताला बसवा," हिसानोबाई म्हणाल्या, आणि आपल्या वाटची भिंत रचायला लागल्या.